काचेतलं लुगडं

मस्कतमधल्या घुब्राच्या इंडियन स्कूलमध्ये मी चित्रकला शिकवायला लागले, तेव्हा थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की शाळेतल्या सगळ्या पोरांना मिळून एकच चित्र येतं. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली उतरणारी नदी, काठावर झोपडी आणि एक नारळ. याला म्हणायचं ‘सीनरी’. पोर केरळचं असो, पंजाबचं असो की आमच्या वसईचं, सीनरी त्याच साच्यातली. यातली बहुतेक मस्कतमध्येच जन्मलेली. नदी त्यांनी पाहिलेली नाही, झोपडी पाहिलेली नाही. वर्गाच्या खिडकीबाहेर उघडेबोडके तपकिरी डोंगर उभे आहेत, ते मात्र एकाच्याही वहीत नाहीत. मी ओरडायचे, घसा बसायचा. मुलं आपसांत इंग्रजीत कुजबुजायची आणि पुन्हा नारळ काढायची.

अशात एकदा प्रिन्सिपॉल एका उंच, वाळक्या म्हाताऱ्याला घेऊन वर्गात आले. स्वित्झर्लंडचे चित्रकार आहेत, म्हणाले. मुलांच्या पुस्तकांना चित्रं काढतात, चर्चच्या खिडक्यांत रंगीत काचांची चित्रं बसवतात, आणि इथे ओमानच्या झाडामाशांच्या एका पुस्तकासाठी आले आहेत. मी मनात म्हटलं, आला आणखी एक पाहुणा. चहा, बिस्किटं, फोटो, आणि माझा तास गेला.

ते बाकांमधून सावकाश फिरले. एका मुलीच्या वहीशी थांबून त्यांनी विचारलं, “हे कुठलं गाव?”

“सर, इट्स सीनरी,” ती म्हणाली.

“हो, पण कुठली?”

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

त्यांनी खिशातून तेलकट खडू काढला, खिडकीपाशी गेले आणि मुलांना एकेक करून बोलावलं. एक डोळा मिटायचा आणि समोरच्या डोंगराची कड काचेवरच गिरवायची. वर्गात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मग त्यांनी आपली हॅट फिरवून सगळे खोडरबर गोळा केले. चूक झाली तर राहू द्या, म्हणाले, शेजारी दुसरी रेघ काढा, पहिलीला सोबत होईल. तास संपला तेव्हा खिडकीच्या काचेवर मस्कतचे डोंगर होते. वर्गभर पोरांनी काढलेले, एकमेकांत गुंतलेले. शिपाई ते पुसायला आला तेव्हा मी त्याला हाकलून दिलं.

त्या दिवसापासून मी त्या माणसाची भक्त झाले, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

ते आमच्या बिल्डिंगच्या मागच्याच गल्लीत राहायचे. छोटा व्हिला, गाडी नाही, म्हणून गॅरेजमध्ये कारखाना. ऑक्टोबरात यायचे आणि उन्हाळा लागला की परत जायचे. नव्वदच्या दशकातले असे काही हिवाळे मला त्यांच्या शेजारात मिळाले. शाळा सुटल्यावर मी तिथे जाऊन बसायचे आणि ते काम करता करता बोलायचे. बोलणं इंग्रजीत, पण घोगरं, आणि शब्द अडला की हातांनी.

त्यांचं गाव डोंगराच्या कुशीत होतं. इतकं आत की ऐन हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य डोंगराच्या वर येतच नसे. बर्फ पांढरं, आभाळ राखाडी, माणसांचे कपडे काळे. गावात रंग म्हणून होता तो चर्चच्या एकुलत्या एका रंगीत खिडकीत. लहानपणी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चालू असताना ते त्या खिडकीकडेच बघत बसायचे आणि आईचा चिमटा खायचे. मिसरूड फुटायच्या आत ते एका काचकाम करणाऱ्याकडे उमेदवारीला लागले. काच कापायची, शिशाच्या पट्ट्यांत बसवायची, सांध्यांना डाख द्यायचा. त्या कामावर घर चालेना, म्हणून मुलांच्या पुस्तकांत शेळ्या, अस्वलं आणि आगगाड्या काढायला लागले. त्या शेळ्या त्यांच्या देशात घरोघरी पोचल्या. “शेळ्यांनी माझं पोट भरलं आणि काचेने मन,” असं ते म्हणायचे. बायको गेल्यावर तो अंधारा हिवाळा त्यांना सोसेना, आणि ओमानचं काम चालून आलं.

पुढे माझी धाकटी जन्मली, आणि बाळंतपणासाठी माझी आई व्हिजिट व्हिसावर वसईहून आली. आम्ही वसईचे ख्रिस्ती. आमच्याकडच्या जुन्या बायका लाल चौकड्यांचं लुगडं नेसतात, तसं आई नेसायची. माझ्या पिढीने ते सोडलं. मस्कतलाही आईने लुगड्याखेरीज काही अंगाला लावलं नाही. कुरुमच्या दुकानांत ओमानी बायका थांबून तिच्या पदराला हात लावायच्या आणि आई त्यांना आमच्या बोलीत त्या कापडाची सगळी वंशावळ सांगायची. त्यांना काय कळायचं देव जाणे, पण त्या माना डोलवायच्या.

चित्रकार एकदा मुलांची चित्रं परत करायला आमच्या फ्लॅटवर आले तेव्हा आई स्वयंपाकघरात विळीवर सुरमई कापत होती. त्यांनी नमस्कार नाही, चमत्कार नाही, दारातच फतकल मारली आणि वही काढली.

“हा बाबा माझ्याकडे असा काय बघतो, बाय?” आईने विचारलं.

“चित्र काढतात, आई. तू काप.”

त्यांनी वही पुढे केली. वहीत आईचा चेहरा नव्हता, फक्त हात होते. तिची उजवी करंगळी तरुणपणी विहिरीच्या रहाटात सापडून कायमची वाकडी झाली होती. तीही होती, जशीच्या तशी.

आईने चित्र नीट न्याहाळलं. “बोट वाकडंच काढलं? एवढं सगळं काढलं, तर ते सरळ करून द्यायला काय झालं होतं?” मी हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना खोकला लागला. त्या दिवसापासून दोघांची गट्टी. ती आमच्या बोलीत बोलायची, ते त्यांच्या गावच्या जर्मनमध्ये, आणि मला मध्ये कुणी विचारत नसे.

त्याच सुमारास आमच्या चर्चच्या फादरनी त्यांना एक खिडकी मागितली. चर्चच्या बाजूला प्रार्थनेची एक छोटी खोली होती. तिच्या पूर्वेच्या भिंतीत साधी काच होती. चित्रकारांनी विषय निवडला विहिरीवरच्या शोमरोनी बाईचा. गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ असते. येशू दमून विहिरीपाशी बसतो आणि पाणी भरायला आलेल्या, पाच नवरे झालेल्या, गावाने ओवाळून टाकलेल्या बाईकडे पाणी मागतो.

त्यांनी कच्चं चित्र दाखवलं तेव्हा कमिटीत कुजबुज झाली. विहीर होती, कळशी कलती धरून उभी असलेली बाई होती, तिच्या अंगावर आमच्या वसईचं लाल चौकड्यांचं लुगडं होतं, चेहरा आणि हात आईचे होते. येशू नव्हताच. कमिटीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, चर्चमध्ये हा खेडवळ पोशाख कशाला? मी तिथल्या तिथे त्यांना विचारलं, तुमच्या आईने काय नेसून तुम्हाला वाढवलं? नवरा घरी येऊन म्हणाला, तुझ्या जिभेला हाड नाही. असेल. पण येशूचं काय, हा प्रश्न उरलाच.

चित्रकारांनी खोलीतल्या बाकाकडे बोट दाखवलं. “तो इथे बसलाय. जो कोणी दमून येईल, तो या बाकावर बसेल, आणि ती त्याला पाणी देईल.”

फादरना ते पटलं. आईला नाही. “देव नाही त्याच्यात,” ती म्हणाली. शिवाय आपला चेहरा देवळात लावायला तिने साफ नकार दिला. जिवंत माणसाच्या तोंडापुढे लोक गुडघे टेकणार, म्हणजे नरकाचं तिकीटच. चित्रकारांनी लगेच मान्य केलं. बाईचा चेहरा पदराच्या सावलीत गेला. हात मात्र आईचे राहिले, वाकड्या करंगळीसकट.

पहिली खिडकी त्यांनी तो सगळा हिवाळा खपून केली. काच त्यांनी त्यांच्या देशातून आणलेली, फिकट, झुळझुळीत. फेब्रुवारी सरता सरता ती बसवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे बघायला जमलो.

सूर्य वर आला आणि चित्र नाहीसं झालं.

खरंच नाहीसं झालं. मस्कतचं ऊन त्या काचेतून असं घुसलं की बाई दिसेना, विहीर दिसेना, लुगड्याचा लाल विरलेल्या गुलाबी फडक्यासारखा झाला. डोळ्यांपुढे नुसता भगभगाट. कमिटीने टाळ्या वाजवल्या. फादर म्हणाले, व्हेरी ब्यूटिफुल, सर. कुणी खिडकीकडे बघतच नव्हतं, बघवतच नव्हतं.

चित्रकार मान खाली घालून उभे होते. मला वाटलं, रडतात की काय. जवळ गेले तर ते फरशी बघत होते. “खिडकी भिंतीवर तपासायची नसते,” ते मला म्हणाले. “जमिनीवर तपासायची.” फरशीवर रंगाचा ठिपका नव्हता. पांढरं ऊन पडलं होतं, साध्या काचेतून पडतं तसं.

“माझ्या देशात मी जन्मभर उजेडाची भीक मागितली,” ते म्हणाले. “इथे त्याला दारात अडवावं लागतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.”

सगळ्यांनी त्यांना सांगितलं की खिडकी छान आहे, असू द्या, कुणाला कळतंय. त्यांनी दुसऱ्या दिवशी ती उतरवली आणि गॅरेजमध्ये नेऊन तिचा तुकडा न् तुकडा सुटा केला. एक अख्खा हिवाळा त्यांनी पत्र्याच्या डब्यात टाकला आणि वर माझ्यासाठी कॉफी ठेवली. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ कलावंत पाहिलेत. स्वतःचं काम चुकलं हे टाळ्या पडत असताना कबूल करणारा हा एकच.

त्याच आठवड्यात आणखी एक कळलं. त्यांचं हृदय बरेच दिवस कुरकुरत होतं. तिकडच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, तिकडेच राहणाऱ्या त्यांच्या मुलीने विमानाचं तिकीट काढलं, आणि बजावलं की पुन्हा त्या उन्हात जायचं नाही. व्हिला सोडायचा होता. म्हणजे जे काही व्हायचं ते ईस्टरच्या आधीच्या त्या थोड्या आठवड्यांत. मला ते शांतपणे म्हणाले, “एकदा तिच्यातून ऊन आलेलं बघितलं की मी जायला मोकळा.”

मग ते कामाला लागले. यावेळी गडद काच, जाड. लुगड्यासाठी साध्या काचेवर लाल काचेचा थर चढवलेली एक काच असते, तिचा लाल थर बारीक चाकाने खरवडून त्यांनी चौकड्या उमटवल्या. पण लाल मनासारखा येईना. त्यांनी आईकडे लुगड्याचा तुकडा मागितला. लुगड्याला कात्री लावायची कल्पना आईला सहन झाली नाही, पण जुन्या लुगड्याची तिने धाकटीसाठी शिवलेली गोधडी तिने दिली. ती गॅरेजच्या दारात टांगून ते तासन् तास काचा तिच्याशेजारी धरून बघायचे, आणि धाकटी माझ्या मांडीवर गोधडीवाचून किरकिरायची.

गंमत पुढेच होती. रंगीत काचेवर त्यांनी काळपट पूड व्हिनेगरमध्ये कालवून लावली, सगळीकडे, भिंतीला मातीचा हात द्यावा तशी. सुंदर लाल काच काळीठिक्कर झाली. मी ओरडलेच. ते म्हणाले, थांब. ती वाळल्यावर त्यांनी काडीने ती पूड खरडायला सुरुवात केली. जिथे उजेड हवा तिथेच, हवा तेवढाच. पदराच्या घडीवर एक रेघ, कळशीच्या काठावर एक, करंगळीच्या पेरावर एक टिंब. आजवर मी मुलांना कागदावर रंग भरायला शिकवत होते. हा माणूस अंधार भरून त्यातून उजेड बाहेर काढत होता. त्यांच्या काड्या मोडायला लागल्या तेव्हा आईने वसईहून आणलेल्या खराट्याचे हीर काढून दिले. ते त्यांना इतके आवडले की शेवटचं सगळं काम खराट्याच्या हिराने झालं. मग काचा विजेच्या भट्टीत गेल्या, एकेक करून. एक तडकली की ती पुन्हा पहिल्यापासून. ते चिडले नाहीत. मी चिडत होते, दोघांच्या वाटचं.

चौकट बसवून देणारा फॅब्रिकेटर रत्नागिरीकडचा मुसलमान होता. तो रोज म्हणायचा, “भाभी, काळजी नको, इन्शाल्ला उद्या खलास.” त्याचा उद्या उजाडला तो चित्रकारांच्या विमानाच्या आदल्या दिवशी, तेही दुपारी. खिडकी बसली. पण पूर्वेची भिंत दुपारी सावलीत असते. त्या मंद उजेडात खिडकी काळसर दिसली, थोडी उदास. पहिली फार उजळ झाली होती, आता ही फार काळी झाली की काय? हे फक्त सकाळचं ऊन सांगणार होतं. चित्रकार नुसते काचेवरून बोटं फिरवत राहिले.

आणि मग घोटाळा झाला, जो आमच्याच लोकांच्या हातून होऊ शकतो.

ईस्टरच्या आधीचा पंधरवडा आमच्याकडे देवळातल्या मूर्ती जांभळ्या कापडाने झाकतात, ते एकदम ईस्टरच्या रात्री उघडतात. मस्कतच्या चर्चमध्ये हे काम वसईच्या बायकांनी हौसेने अंगावर घेतलं होतं, आणि त्या वर्षी त्यांची म्होरकी होती माझी आई. माझ्या मशीनवर बसून तिने रूवीहून आणलेल्या जांभळ्या कापडाचे पडदे शिवले होते. इथल्या चर्चमध्ये चित्राची खिडकी आजवर नव्हतीच, त्यामुळे तिचं काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. आईने आधीच माप घेऊन ठेवलेलं. संध्याकाळी मी धाकटीला डॉक्टरकडे घेऊन गेले होते, तेवढ्यात बायकांनी खिडकी वरपासून खालपर्यंत झाकून टाकली. पुढे कधीतरी फादर पुस्तक चाळून हसत हसत म्हणाले, रंगीत खिडक्या झाकायच्या नसतात, असा नियमच आहे. पण त्या संध्याकाळी मी फोन केला तेव्हा तेही म्हणाले, “बायकांनी प्रेमाने केलंय, त्यांना दुखवू नका. आपण सरांना फोटो पाठवू.”

फोटो! मी फोनवर जे बोलले ते फादरनी मोठ्या मनाने विसरून टाकलं असावं. आईशी मी त्या रात्री भांडले नाही. भांडले असते तर ती हटून बसली असती, तिचा स्वभाव मला माहीत होता आणि माझाही.

सकाळी आई रोजच्यासारखी मिस्साच्या आधी रोजरीची जपमाळ म्हणायला निघाली, अंगावर देवळात जायचं पांढरं वस्त्र पांघरून. मीही गेले. प्रार्थनेच्या खोलीत बाकावर चित्रकार बसले होते. हॅट गुडघ्यावर. समोर जांभळा पडदा. मागून सूर्य चढत होता, पडद्याच्या कडेने उजेडाची एक बारीक किनार दिसत होती, बस्स.

मी तरातरा पडद्याकडे निघाले. त्यांनी माझा हात धरला. “नको. तुमची रीत आहे. मी पाहुणा. आणि शिवलाय तिने.” मग हसून म्हणाले, “मी भिंतीचा निरोप घ्यायला आलोय.”

“काय म्हणतो बाबा?” आईने विचारलं. “सकाळी सकाळी इथे का बसलाय?”

मी सांगितलं. आज रात्री ते जाणार. परत येणार नाहीत. पहिली खिडकी उन्हाने खाऊन टाकली होती. ही बरोबर झाली की नाही, हे त्यांना माहीत नाही, कारण हिच्यातून ऊन आलेलं त्यांनी अजून पाहिलेलंच नाही.

आई माझ्याकडे बघतच राहिली. “पाहिलेलंच नाही? आणि आज जातो? मग तू काल रातभर तोंडात काय धरून बसली होतीस?”

“तूच झाकलंस ना, आई. रीत आहे म्हणालीस.”

ती पडद्यापुढे जाऊन उभी राहिली, ओठ घट्ट मिटून. तिने जन्मभर एक शुक्रवार चुकवला नव्हता, एक उपास मोडला नव्हता. मला वाटलं, आता ती गुडघे टेकणार. तिने कपाळावर, छातीवर क्रुसाची खूण केली, आणि कोपऱ्यातलं स्टूल ओढलं.

“झाकतात कुणाला? देवाला नि संतांना,” ती स्टुलावर चढता चढता म्हणाली. “देव तर ह्याने काढलाच नाही. ती बाई पाच दादल्यांची. आणि हात माझे. मी कुठली संत लागून गेले?”

तिने पडदा ओढला.

प्रथम मला लाल दिसला. गोधडीचा, पदराचा, आमच्या गावच्या मिस्साला बाकांवर दाटीने बसलेल्या बायकांचा तो लाल. ऊन मागून धडका देत होतं आणि ती खिडकी त्याला हवं तेवढंच आत सोडत होती. पदराच्या घडीवर एक रेघ, कळशीच्या काठावर एक, वाकड्या करंगळीवर टिंब. बाई उभी होती, कळशी कलती धरून.

चित्रकारांनी खिडकीकडे पाहिलंच नाही. ते उठून उभे राहिले आणि खाली फरशीकडे बघत होते. फरशीवर लाल चौकड्या पडल्या होत्या, काठासकट, अख्खं लुगडं वाळत घातल्यासारख्या. त्यांच्या बुटांपर्यंत आल्या होत्या. त्यांनी एक पाय मागे घेतला, धुतल्या कपड्यावर पाय पडू नये म्हणून घेतात तसा. मग त्यांचा चेहरा वाकडातिकडा झाला आणि ते रडले. मीही रडले.

आई नाही रडली. ती स्टुलावरून उतरली, पडद्याची घडी घालून काखेत मारली, आणि त्यांच्या खांद्याला धरून त्यांना पुन्हा बाकावर बसवलं.

“बस, बाबा,” आमच्या बोलीत ती त्यांना म्हणाली. “दमलास. पाणी पी.”